रांग, पालखी आणि पंगत : धर्माच्या समाजशास्त्राच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्माचं समाजशास्त्र वाचतो असं सांगितलं की समोरचा एकतर घड्याळ बघतो, नाहीतर वाद घालायला सरसावून बसतो. दुसऱ्या प्रकारच्या मंडळींनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

देव आहे की नाही, हे समाजशास्त्र सांगतं का?

नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे भाविकांची आणि नास्तिकांची निराशा एकदमच होऊन जाते. समाजशास्त्राचा माणूस देवळात गेला तर त्याचं लक्ष गाभाऱ्याइतकंच रांगेकडे असतं. पासवाले कुठून आत जातात, ओटीचं सामान कोण विकतं, मानाचा विडा कोणत्या घराण्याला मिळतो, पालखीला खांदा कोण देतं आणि कोणी द्यायचा नाही, विश्वस्त मंडळावर कोण कोण आहे. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देवाच्या असण्या-नसण्यावर अडलेलं नाही.

आपला ‘धर्म’ आणि त्यांचं ‘रिलिजन’ एकच का?

नाही, आणि निम्मे घोळ इथेच होतात. मराठीत शेजारधर्म असतो, दानधर्म असतो, धर्मशाळा असते, धर्मकाटा असतो. ‘विंचवाचा धर्म नांगी मारण्याचा’ असं म्हणताना कोणालाही विंचवाचा पंथ अभिप्रेत नसतो. ‘रिलिजन’ हा मात्र युरोपात चर्च आणि राज्य यांच्या शतकानुशतकांच्या रस्सीखेचीतून घडलेला शब्द आहे. त्याला एक ग्रंथ, एक संस्था आणि सभासदांची यादी अपेक्षित असते. जनगणनेच्या तक्त्यात तोच रकाना आपल्या वाट्याला आला आणि ‘तुमचा धर्म कोणता?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायची सवय लागली. मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद यांनी १९९३ साली हा मुद्दा नेटाने मांडला: धर्म नावाची वेगळी, बाजूला काढता येणारी वस्तू सगळीकडे सगळ्या काळात होती असं धरून चालणं हाच युरोपीय इतिहासाचा परिणाम आहे.

गंमत अशी की समाजशास्त्राला पुढे जे सापडलं, त्याच्या सर्वात जवळ जाणारा आपला शब्द ‘शेजारधर्म’ हाच आहे.

या अभ्यासाची सुरुवात कोणी केली?

फार मागे जायचं तर इब्न खल्दून. उत्तर आफ्रिकेतल्या या इतिहासकाराने १३७७ साली लिहिलेल्या प्रस्तावनाग्रंथात टोळ्यांमधल्या एकीचा विचार केला आहे. रक्ताच्या नात्यातून येणारी एकी धर्मामुळे जास्त घट्ट होते आणि राज्यं उभी राहतात, असं तो सांगतो. पण त्याच्यामागून शिष्यांची परंपरा चालली नाही.

‘समाजशास्त्र’ हे नाव रूढ केलं ते फ्रान्सच्या ओग्युस्त काँतने, १८३० च्या दशकाच्या अखेरीस. माणसाची बुद्धी आधी देवाधर्मातून, मग तत्त्वचर्चेतून आणि शेवटी विज्ञानातून जगाचा अर्थ लावते, अशा त्याच्या तीन पायऱ्या. म्हणजे धर्म ही मागे पडलेली पायरी. एवढं सिद्ध केल्यावर या गृहस्थाने उतारवयात स्वतःच एक धर्म काढला! त्यात देव नव्हता, मानवता होती. प्रत्येकी २८ दिवसांच्या १३ महिन्यांचं पंचांग होतं आणि संतांच्या जागी शास्त्रज्ञ-कवींचे स्मरणदिन होते. फ्रान्समध्ये फारसं कोणी फिरकलं नाही, ब्राझीलमध्ये मात्र अनुयायी मिळाले. तिथल्या राष्ट्रध्वजावरचे ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ हे शब्द काँतच्या घोषवाक्यातूनच आले आहेत.

मला ही गोष्ट नुसती विनोदी वाटत नाही. धर्म संपला असं म्हणणाऱ्यालाही सण, पंचांग आणि एकत्र जमण्याची जागा लागते, हे त्याने नकळत दाखवून दिलं. पुढच्या शंभर वर्षांचा अभ्यास याच कोड्याभोवती फिरला.

मार्क्स धर्माला अफू म्हणाला, म्हणजे शिवीच दिली ना?

ते वाक्य १८४४ मधलं, तेव्हा मार्क्स २५ वर्षांचा होता. त्याच्या लगेच आधीची वाक्यं सहसा कोणी वाचत नाही. धर्म हा पिचलेल्या जिवाचा उसासा आहे, निर्दय जगाचं हृदय आहे, असं तो आधी म्हणतो आणि मग अफूकडे येतो. त्या काळी अफू म्हणजे औषधाच्या कपाटातलं वेदनाशामक. बाळाला गुटीतून अफूचा कण देण्याची चाल आपल्याकडेही होती. दुखतंय हे खरं, औषधाने गुंगी येते हेही खरं, आणि रोग तसाच राहतो, ही त्याची तक्रार. शिवी म्हणावी तर ती रोगाला आहे.

मात्र दुखणाऱ्या माणसाला नक्की कोणतं औषध लागू पडतं आणि का, याचा तपशील मार्क्सने फारसा शोधला नाही. तो इतरांवर सोडला.

रॉबर्टसन स्मिथ हे नाव सारखं का येतं?

कारण माझ्या मते सगळा रस्ता इथे वळला. विल्यम रॉबर्टसन स्मिथ हा स्कॉटलंडचा पाद्री-प्राध्यापक. बायबल हा वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी लिहिला गेलेला ग्रंथ आहे, असं त्याने विश्वकोशातल्या नोंदीत लिहिलं. त्याच्यावर धर्मद्रोहाची चौकशी बसली आणि १८८१ मध्ये अ‍ॅबर्डीनमधली नोकरी गेली. पुढे तो केंब्रिजला गेला. १८८९ मध्ये त्याची सेमिटिक लोकांच्या धर्मावरची व्याख्यानं प्रसिद्ध झाली.

त्याआधीचे अभ्यासक, उदाहरणार्थ १८७१ मध्ये लिहिणारा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ टायलर, धर्म म्हणजे एक समजूत धरून चालत. आदिमानवाला स्वप्नात मेलेला बाप दिसला, त्यावरून आत्म्याची कल्पना निघाली, तीतून देव निघाले. जणू धर्म हे एकट्या माणसाने गुहेत बसून काढलेलं चुकलेलं गणित. स्मिथने हे उलटं केलं. जुन्या धर्मांत तुम्ही काय मानता याला महत्त्व नव्हतं, तुम्ही काय करता याला होतं. विधी आधी, त्याची कथा नंतर. यज्ञातला बळी म्हणजे देवाला दिलेली लाच नव्हे. देव आणि त्याची माणसं यांचं ते एकत्र जेवण. एका ताटातलं खाल्लं की नातं जुळतं.

आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती. गावजत्रेचा बोकड कापल्यावर वाटा कोणाकोणाच्या घरी जातो, भंडाऱ्याला पंगत कशी बसते, कोणाला कुठे बसवतात, उरलेलं कोणाच्या पदरात टाकतात, हे बघितलेल्या कोणालाही स्मिथचं म्हणणं लगेच पटेल. वर तो त्याला विचारेल, की पंगत माणसं जोडते हे ठीक, पण तीच पंगत तोडतेही, त्याचं काय?

हा प्रश्न धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुर्खीमने नेमकं काय सांगितलं?

एमील दुर्खीम १८५८ साली फ्रान्सच्या पूर्व भागातल्या एपिनाल गावी जन्मला. बाप, आजोबा, पणजोबा सगळे यहुदी धर्मगुरू. मुलगा मात्र प्राध्यापक झाला. १८९५ च्या सुमारास स्मिथ आणि त्याच्या परंपरेतलं लिखाण वाचून आपल्याला नवाच उजेड दिसला, असं त्याने पुढे स्वतः सांगितलं आहे. त्या उजेडात लिहिलेला मोठा ग्रंथ १९१२ मध्ये आला.

धर्माच्या व्याख्येत त्याने देव घेतलाच नाही. त्याचं कारण बौद्ध धम्म. ईश्वराला मध्यवर्ती जागा नसतानाही तो धर्म आहे, मग व्याख्या देवावर कशी उभी करायची? म्हणून दुर्खीमने दुसरा खांब निवडला. प्रत्येक समाज काही गोष्टी बाजूला काढून ठेवतो, त्यांना वाटेल तसा हात लावू देत नाही. या पवित्र गोष्टींभोवतीच्या श्रद्धा आणि विधी ज्यांना एका नैतिक समूहात बांधतात, तो धर्म.

उदाहरण त्याने घेतलं मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं. तिथल्या प्रत्येक कुळाचं एखादा प्राणी किंवा वनस्पती हे प्रतीक असतं. मराठी वाचकाला ‘टोटेम’ या परदेशी शब्दाची गरज नाही, आपल्याकडे देवक आहे. लग्नात देवक बसवतात तेव्हा कुणाच्या घरी कळंबाची डहाळी येते, कुणाकडे उंबराची, कुणाकडे पंचपल्लव. ज्याचं जे देवक, ते झाड त्याने तोडायचं नाही, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे देवक एक असेल तर सोयरीक व्हायची नाही. इंग्रजी अमलातल्या जातिवर्णनकारांनी देवकाची नोंद याच सदराखाली केली आहे.

आता दुर्खीमचा प्रश्न: त्या फांदीत एवढं काय आहे? काहीच नाही. फांदी म्हणजे कुळाचा झेंडा. वर्षभर चार-चारजण पांगून पोट भरणारी माणसं ठरावीक काळी एकत्र येतात, रात्र-रात्र नाचतात, गातात, आणि आपल्याहून मोठं काहीतरी आपल्यात संचारल्याचा अनुभव घेतात. तो अनुभव खोटा नसतो. ती शक्ती खरंच असते, ती समूहाची असते, आणि माणसं तिला त्या फांदीचं, त्या दगडाचं नाव देतात. या भरतीला त्याने जो शब्द वापरला त्याचा ‘सामूहिक उन्मेष’ असा पुस्तकी अनुवाद होतो. मी ‘उधाण’ म्हणतो. वारीतलं रिंगण ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. आधी झेंडेकरी धावतात, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका धावतात, वीणेकरी धावतात, मग अश्व सुटतो, आणि तो गेला रे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात. घोडा रोजचाच, माती रोजचीच.

त्याने ऑस्ट्रेलिया पाहिला होता का?

नाही. पॅरिसमध्ये बसून त्याने स्पेन्सर आणि गिलेन या तिथे जाऊन पाहणी केलेल्या दोघांचे वृत्तांत वाचले, तेवढ्यावर इमारत उभी केली. पुढे ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं काम केलेल्या स्टॅनरने म्हटलं की पवित्र आणि लौकिक अशी स्वच्छ फाळणी तिथे करून दाखवणं अवघड आहे. आपल्याला तर हे घरबसल्या कळतं. देवघर स्वयंपाकघरातल्या फडताळात असेल तर पवित्र कुठे संपलं आणि डाळीचा डबा कुठे सुरू झाला?

तरी ग्रंथ टिकला. जमलेल्या माणसांत काय होतं, हे त्याच्याइतकं नेमकं आधी कोणी पकडलं नव्हतं.

वेबर काय म्हणाला? प्रोटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही आली, हेच ना?

हे असं सरळ तो म्हणाला नाही, परीक्षेच्या उत्तरपत्रिका म्हणतात. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाचे लेख १९०४-०५ मध्ये आले. भांडवलशाहीला अनेक कारणं होती, त्यातलं एक सुटं करून तो बघत होता. नफा तर जगभरचे व्यापारी मिळवत आले. पण पैसा मिळवायचा, उधळायचा नाही, चैन करायची नाही, परत धंद्यात घालायचा, आणि हे सगळं कर्तव्य म्हणून करायचं, ही वृत्ती विचित्र आहे. ती कुठून आली? कॅल्व्हिन या सुधारकाच्या प्रोटेस्टंट पंथात मुक्ती कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलेलं. भक्तीने बदलत नाही, दानाने बदलत नाही. माणूस या धास्तीने एकाकी होतो आणि आपण निवडलेल्यांतले आहोत याची खूण रोजच्या शिस्तबद्ध कामात शोधू लागतो. पुढे धास्ती विरली, शिस्त मात्र मागे राहिली.

मला या सिद्धांतापेक्षा त्याच्या अमेरिकेच्या सफरीतला एक प्रसंग जास्त सांगून जातो. १९०४ च्या ऑक्टोबरात वेबर नॉर्थ कॅरोलायनात नातेवाइकांकडे उतरला होता. रविवारी दुपारी बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून पंथात घेण्याचा विधी, बघायला गेला. आदल्या रात्री पाणी गोठेल अशी थंडी पडलेली, आणि ओढ्याच्या पाण्याने भरलेल्या डबक्यात माणसं काळ्या कपड्यांत कमरेइतक्या पाण्यात उतरत होती. एकाला बुडवून काढलं तसा शेजारी उभा असलेला नातेवाईक पुटपुटला, वाटलंच होतं मला. का वाटलं, तर म्हणे याला गावात बँक काढायची आहे.

गावात बाप्टिस्ट एवढे होते का, की त्यांच्याच ठेवींवर बँक चालावी? तसं नव्हतं. पण मंडळीत घेण्याआधी माणसाची पार लहानपणापासूनची चौकशी होई. दारू, पत्ते, बुडवलेली उधारी, सगळं. एकदा आत घेतलं की तो व्यवहाराला चोख आहे यावर शिक्काच बसला. मग बाकीचेही पैसे त्याच्याचकडे ठेवणार. ओळखीच्या जामिनाशिवाय पतपेढीत कर्ज न मिळालेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

वेबरचे आकडे चुकले होते, असं ऐकलं. खरं का?

खरं. जर्मनीतल्या बाडेन प्रांतात प्रोटेस्टंट मुलं व्यवहारोपयोगी शाळांकडे जास्त वळतात हे दाखवायला त्याने एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातला तक्ता घेतला. त्यातल्या एका ओळीत प्रोटेस्टंट ६९, कॅथलिक ३१, यहुदी ९ टक्के. बेरीज करा, १०९ होते. मुळात ५९ हवे होते. स्वीडनच्या कुर्ट सॅम्युएल्सनने १९५७ मध्ये हे उघड केलं, म्हणजे तोवर अर्धशतक लोटलं होतं. वाद घालणारे शेकड्यांनी होते, बेरीज करणारा एकही नव्हता.

भारताबद्दल त्याचं मत आज मानलं जातं का?

अर्धंमुर्धं. १९१६-१७ मध्ये त्याने हिंदू आणि बौद्ध धर्मांवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली, तीही भारतात पाऊल न टाकता. जनगणनेचे अहवाल आणि अनुवादित ग्रंथ हे त्याचं साहित्य. कर्मसिद्धांताकडे त्याने आदराने पाहिलं: जगात दुःख का आहे या प्रश्नाचं इतकं तर्कशुद्ध उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल, असं त्याचं मत. पण त्याच सिद्धांताने जातीला कुलूप लावलं आणि नव्या धंदापद्धतीचा रस्ता अडला, असंही तो म्हणतो. मारवाडी, गुजराती पेढ्यांचा इतिहास समोर ठेवल्यावर हे दुसरं विधान डळमळतं. जगातल्या धर्मांवरच्या त्याच्या लेखमालेच्या प्रस्तावनेतलं एक वाक्य मात्र आपण कधीच विसरू नये: सुखी माणसाला सुख पुरत नाही, आपण त्या सुखाला पात्रही आहोत असं त्याला कोणीतरी सांगायला हवं असतं. ते काम धर्म करत आला.

प्रत्यक्ष जाऊन बघणारं कोणीच नव्हतं का?

होतं ना. दुर्खीमचाच शिष्य रोबेर हर्ट्झ. १९१२ च्या उन्हाळ्यात तो आल्प्समधल्या कोन्य गावी जाऊन राहिला. डोंगरापलीकडे एका प्रचंड खडकाला टेकून सेंट बेस याचं छोटं देऊळ आहे. दर १० ऑगस्टला यात्रा भरते, पाच गावांची माणसं चढून येतात. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा घालायचा मान कोणाचा, यावरून गावागावांत जुने तंटे, म्हणून पाळी ठरवलेली. लोक खडकाचे कपचे काढून घरी नेतात. चर्च सांगतं की बेस हा हुतात्मा रोमन सैनिक. गावकरी सांगतात, छे, तो आमच्यातला मेंढपाळ, देवाचं नाव घेत बसायचा आणि मेंढरं आपोआप चरायची, म्हणून जळक्या सोबत्यांनी त्याला कड्यावरून ढकललं.

नावं बदला, ही खंडोबाची किंवा बिरोबाची गोष्ट होईल. ग्रंथातला देव वेगळा आणि खडकावरचा वेगळा, आणि माणसं दोघांनाही एकाच नावाने हाक मारतात. हर्ट्झचा लेख १९१३ मध्ये आला. १९१५ च्या एप्रिलमध्ये तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. दुर्खीमचा मुलगा त्याच वर्षी गेला, आणि दोन वर्षांनी दुर्खीमही. एक अख्खी पिढी अशी कापली गेली.

अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञांनी १९०३ मध्येच कृष्णवर्णीयांच्या चर्चची पाहणी प्रसिद्ध केली होती. गुलामगिरीनंतर चर्च हीच त्यांची शाळा, बँक आणि चावडी कशी झाली हे त्यात आहे. वेबरने त्यांचा लेख आपल्या नियतकालिकात छापला, पण पाठ्यपुस्तकांनी त्यांना फार उशिरा जागा दिली.

भारतात हा विषय कधी आला?

रीतसर म्हणाल तर १९१९ मध्ये, मुंबई विद्यापीठात. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने विभाग सुरू केला आणि १९२४ पासून तो मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांच्या हाती आला. घुर्यांनी साधूंच्या आखाड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं (१९५३), पण त्यांची खरी कमाई म्हणजे विद्यार्थी. त्यातले एम. एन. श्रीनिवास कूर्गला गेले. तिथले कुळाचे विधी त्यांनी दुर्खीमच्या चष्म्यातून पाहिले, आणि त्या चष्म्यात न मावणारं एक दृश्यही टिपलं. खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे विधी, आहार, देव उचलून एक-दोन पिढ्यांत वर सरकू बघतात. याला त्यांनी संस्कृतीकरण म्हटलं (१९५२). धर्म नुसता समाज बांधत नाही, तो शिडीसारखाही वापरला जातो. दामोदर कोसंबी पेशाने गणिती, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर शेंदूर फासलेल्या दगडांचा माग काढत ते जुन्या पायवाटा आणि चव्हाट्यांपर्यंत पोचले. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या ऐकत माळरानं हिंडला.

डॉ. आंबेडकरांना या यादीत धरायचं का?

धरायलाच हवं, आणि शेवटी उपचार म्हणून नव्हे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न हे आहे, असं सांगताना त्यांनी श्री. व्यं. केतकरांसकट आधीच्या अभ्यासकांची झाडाझडती घेतली. पुढे हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावर लिहिताना त्यांनी आधार घेतला तो त्याच रॉबर्टसन स्मिथचा. हा मजकूर १९८७ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात छापला गेला. धर्म ही समाज बांधणारी शक्ती आहे, हे त्यांना मान्यच होतं. त्यांचा पुढचा प्रश्न युरोपातल्या मंडळींना सुचला नव्हता: बांधतो तो कोणाला, आणि कोणत्या अटीवर? पंगतीबाहेर बसवलेल्याच्या जागेवरून पाहिलं की दुर्खीमचा ‘नैतिक समूह’ फार वेगळा दिसतो.

त्यांनी उत्तर कृतीतून दिलं. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर आहे. समूह नव्याने घडताना पवित्र गोष्टी कशा नव्याने ठरतात, हे अभ्यासायला मराठी माणसाला ऑस्ट्रेलियाची पुस्तकं चाळायला नकोत.

इरावती कर्वे यांच्या वारीच्या लेखाचं एवढं कौतुक का?

कारण त्या चालल्या. घुर्यांच्याच विद्यार्थिनी, बर्लिनच्या डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजच्या प्राध्यापक, आणि दिंडीबरोबर पायी पंढरपूरला निघाल्या. मराठीतला हा लेख १९६२ मध्ये इंग्रजीतही छापून आला. पंढरीला जाणाऱ्यांचा देश तो महाराष्ट्र, ही त्यातली व्याख्या सगळ्यांना पाठ आहे. व्यासपीठावर बोलायला ती सोयीची पडते.

लेखाचा गाभा दुसरीकडे आहे. वाटेवर सगळ्याजणी एकत्र अभंग म्हणतात, एकमेकींना माउली म्हणतात. मुक्कामी पोचल्यावर मात्र ब्राह्मण बायकांची चूल वेगळी, मराठा बायकांची वेगळी. कर्वे मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात हातात घेऊन चालू लागल्या, घरच्या गोष्टी सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ, असंही ठरलं. तेव्हा एका तरुण मुलीने विचारलं, की तिथेही आमच्याशी असंच वागाल का? हा प्रश्न आपल्याला फार लागला, असं त्या लिहितात.

स्मिथ म्हणाला होता, एकत्र जेवलं की नातं जुळतं. ते खरं निघालं. दिवसभराच्या उधाणाला न जमलेलं काम एका जेवणाने केलं, आणि तेही मुक्कामापुरतंच झालं की काय, अशी शंका त्या मुलीला आली. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं होतं, हे शेजारी ठेवून वाचा.

विज्ञान वाढलं की धर्म आटणार, असं म्हणत होते ना? मग झालं काय?

म्हणत होते, आणि ठामपणे. वेबरने १९१७ च्या व्याख्यानात सांगितलं की जगावरची जादू उतरली आहे. तोही भाबडा नव्हता. ट्रामने जाणाऱ्याला ट्राम कशी चालते हे ठाऊक नसतं, फक्त हवं तर कळू शकतं एवढा भरवसा असतो, असं तो लगेच पुढे म्हणतो. १९६० च्या दशकात ही कल्पना जवळजवळ सर्वमान्य होती. अमेरिकेतल्या पीटर बर्जर या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एका दैनिकाला सांगितलं की एकविसाव्या शतकात भाविक उरले तर छोट्या छोट्या कळपांतच उरतील. त्यानंतर ११ वर्षांत इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली. १९९९ मध्ये बर्जरने आपण चुकलो, असं छापील कबूल केलं. आपली चूक इतक्या स्वच्छपणे मान्य करणारे विद्वान कमी, म्हणून मला तो आवडतो.

पश्चिम युरोपात चर्चची बाकं रिकामी झाली, हे खरंच आहे. समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी ब्रिटनबद्दल दाखवलं की लोक चर्चला जायचे थांबले, पण मानायचे पूर्ण थांबले नाहीत. आपल्याकडे कदाचित उलट असेल. घरातला मुलगा मनातून काही मानत नाही, पण गणपतीला गावी जातोच. यालाच धर्मनिरपेक्षता म्हणू नका. तो राज्याच्या वागण्याबद्दलचा शब्द आहे. समाजातून धर्माची पकड सुटण्याला मराठीत इहवादीकरण असा जरा जड शब्द आहे, पण दोन्हींची गल्लत झाली की चर्चा तिथेच फसते.

हे अभ्यासक स्वतः धार्मिक होते का?

सगळ्या तऱ्हा आहेत. दुर्खीमने पाळणं सोडलं होतं. स्मिथ शेवटपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती होता, बर्जरही. वेबरने एका पत्रात लिहिलंय की धर्माच्या बाबतीत मला संगीताचा कान नाही, पण मी विरोधकही नाही. गाणं न येणाऱ्याने गाण्याच्या घराण्यांचा इतिहास लिहावा तसा त्याचा प्रकार.

वाचायला कुठून सुरुवात करू?

दुर्खीमच्या मोठ्या ग्रंथापासून अजिबात नको, पन्नासाव्या पानावर अडकाल. आधी कर्व्यांचा वारीचा लेख वाचा, एका बैठकीत होतो. मग वेबरचा तो बँकवाल्याच्या बाप्तिस्म्याचा लेख. मधल्या काळात गावची जत्रा किंवा गल्लीतला उत्सव आला तर एक वही जवळ ठेवा आणि पालखीचे भोई कोण, वर्गणीच्या पावतीवर कोणाची नावं, महाप्रसादाला आधी कोण बसलं आणि भांडी कोणी घासली, एवढंच लिहून काढा. दुर्खीम त्यानंतर उघडा.